सतरा सह्या आणि एक अंगठा

करंजाडे,
ता. ८ फेब्रुवारी २०२६

चि. पूर्वी,

आशीर्वाद. रागावलेली असलीस तरी तो घ्यावाच लागेल, कारण आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टात नाही. माझा फोन तू उचलत नाहीस आणि माझा नंबर बंद करून ठेवलायस असं तुझी आई सांगते, म्हणून हे पत्र. तसंही मला लिहिणंच बरं जमतं. गावाच्या कृती समितीचा सचिव म्हणून पंचवीस वर्षं निवेदनं लिहिली, बोटांना दुसरं वळणच राहिलं नाही. या कागदावरही आधी 'विषय' आणि 'संदर्भ' असं लिहिलं होतं. चंद्रावतीबाई, म्हणजे तुझ्या मातोश्री, मागून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "पोरीला लिवताय का कलेक्टरला?" म्हणून हा दुसरा कागद घेतला.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण कामोठ्याच्या डॉक्टरकडे ती जात नाही, कारण तो तिच्या वजनाविषयी बोलतो. न्हावा शेव्याचे ट्रेलर आता आपल्या नाक्यापर्यंत रांग लावून उभे असतात. रेती-खडीचं काम तुझ्या काकाचा प्रणित बघतो आणि माझ्यापेक्षा बरं बघतो, हे त्याला सांगू नकोस. बाल्कनीतून विमानं दिसतात. पहिले आठ दिवस सगळी बिल्डिंग गच्चीत जाऊन बघायची, आता कोणी मान वर करत नाही. फक्त सखूआत्या बघते.

आत्याचंच सांगायचंय. माझी आत्या, तुझी आत्याआजी, पण सगळ्या गावाची ती आत्याच. एक्क्याऐंशीची झाली. जिथं आता धावपट्टी आहे तिथं तिनं उभ्या जन्मात भात लावला. तिचं एकच मागणं होतं: "त्या जमिनीवरून ते उडतं कसं, ते मना आत बसून बघायचंय." मग मी ठरवलं, एकटीनं कशाला, सगळी भावकीच नेऊ. आम्ही अठरा जण, दिल्लीला विमानानं आणि तिथून बसनं मथुरा-वृंदावन. २४ जानेवारीला निघालो. अठरा जणांची तिकिटं मी स्वतः मोबाइलवर काढली. आत्याला बाराव्या रांगेतली खिडकी घेतली, तिथं पाय पसरायला जागा जास्त असते. तुला आठवत असेल, आपल्याकडे कुठल्याही लग्नात पहिला पाट आत्याचा. आत्या बसल्याशिवाय पंगत बसत नाही. विमानातही तिला सगळ्यात ऐसपैस जागा, हा साधा मान आहे.

विमान खच्चून भरलेलं. आम्ही बसतो न बसतो तोच तिथली एक मुलगी आली. गणवेश, केसांचा अंबाडा, छातीवर नावाची पट्टी. म्हणाली, आजींना इथं बसता येणार नाही, ही संकटकाळी बाहेर पडायच्या दाराची रांग आहे. मी म्हटलं, तिकीट आहे, या जागेचे जादा पैसे भरलेत, तुमच्याच कंपनीनं घेतलेत. ती म्हणाली, पैसे परत मिळतील, पण आजींना उठावं लागेल. कुठं बसवणार म्हणून विचारलं, तर प्रणितची जागा दाखवते. चोविसावी रांग, दोन माणसांच्या मधली, संडासाजवळ! तूच सांग, आत्याला तिथं बसवायचं? सगळी भावकी माझ्याकडे बघत होती. मग माझाही आवाज चढला. ज्या जमिनीवर तुमचं विमान उभंय ती आमच्या बापजाद्यांची, वगैरे जे बोलायचं ते बोललो. विमान पाऊणएक तास उशिरा सुटलं. शेवटी आत्याला उठवलंच.

गप्प बसणाऱ्यातला मी नाही हे तुला ठाऊक आहे. परत आल्यावर ३१ तारखेला तीन पानी तक्रार लिहिली. मुलीचं नाव, वेळ, रांग, सगळं सविस्तर, प्रती माहितीसाठी सहा ठिकाणी. खाली सतरा सह्या आणि आत्याचा अंगठा. असा कागद या तालुक्यात दुसरा कोणी लिहून दाखवावा. परवा कंपनीचा फोन आला. त्या मुलीला उड्डाणावरून उतरवलंय, चौकशी २७ तारखेला आहे आणि मी येऊन माझं म्हणणं कायम करायचं आहे.

आता तू याच लाइनमधली आहेस म्हणून दोन गोष्टी विचारतो. त्या रांगेचा नियम नेमका काय आहे? आणि असल्या चौकशीत मुलीचं पुढे काय होतं? नुसतं माहितीसाठी विचारतोय. दुसरं काही नाही.

हैदराबादला उन्हाळा लवकर सुरू होतो म्हणतात. पाणी पीत जा.

तुझे वडील,
जगन काशिराम म्हात्रे
सचिव, कृती समिती

---

करंजाडे,
ता. १९ फेब्रुवारी २०२६

चि. पूर्वी,

आशीर्वाद. तुझं उत्तर आईच्या मोबाइलवर आलं. तिनं ते मला वाचून दाखवलं नाही, मोबाइल नुसता माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि आत निघून गेली. दोनच ओळी होत्या. 'बाबांना विचार, आत्याला ऐकू येत होतं का? आणि त्या मुलीचं नाव काय?'

तीन वर्षांनी आलेल्या दोन ओळी, आणि त्यातली एकही माझ्याविषयी नाही. वाईट वाटलं. मग रागही आला, की ही पोरगी मलाच उलटतपासणीला उभं करते. चार दिवस मी दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत.

मुलीचं नाव चारुता, ते पट्टीवरच होतं. कामोठ्याची आहे. हे मला नंतर कळलं.

पहिल्या प्रश्नावर मात्र आत्यानंच मला बोलतं केलं. त्याचं असं झालं. मागच्या रविवारी दिनानाथकाका जेवायला आला होता. जेवताना हात उडवत म्हणाला, "त्या पोरीची नोकरी गेली म्हणून समज! जगनच्या कागदाला तोड नाय." आत्या समोरच बसली होती. तिचं कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून नेहमीप्रमाणे डब्यात. पण माणसाचा चेहरा तिला वाचता येतो. तिनं विचारलं, "कोणाची नोकरी? काय झालं?" दिनानाथ हसला आणि भाकरी मोडत राहिला. मग ती माझ्याकडे वळली. "जगन, तू माझा अंगठा घेतलास तो कशाला? मना वाचून दाखव."

आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे. आंदोलनाच्या दिवसांपासून लिहायचं मी आणि सह्या सगळ्यांनी करायच्या. वाचत कोणी नाही. वाचायला वेळही नसायचा, आणि कागद आपल्याच बाजूचा असणार हा विश्वास असायचा. पंचवीस वर्षांत "आधी वाचून दाखव" असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी टाळायला बघितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि पाणी प्यायली. म्हणजे आता ऐकल्याशिवाय जेवणार नाही.

मग मी कपाटातून प्रत काढली आणि तिच्या कानाशी ओरडून वाचायला लागलो. पूर्वी, स्वतःचं लिखाण असं ओरडून वाचायची वेळ कोणावर येऊ नये. हळू वाचलं की ती म्हणायची, मोठ्यानं. खालच्या मजल्यावरच्या वल्लरी वहिनी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. पहिलं पान निघालं. दुसऱ्या पानावर ते वाक्य होतं. 'सदर कर्मचारी महिलेने वयोवृद्ध महिलेचा दंड धरून तिला बळाने ओढून जागेवरून उठवले.' मी ते मुद्दाम पटकन वाचून पुढे गेलो. आत्यानं माझं मनगट धरलं.

"वढली कुठं? हात धरला तिनं माजा. पोरीचा हात गार पडला होता. आपल्या पूर्वीचा परीक्षेला जाताना पडायचा, तसा."

मग ती म्हणाली, "मी अंगठा दिला तो खोट्यावर दिला?"

तुझी आई दारात उभी होती. दिनानाथ ताट सोडून हात धुवायला गेला तो परत आलाच नाही.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. निवेदनात मी नेहमी सगळ्यात जड मुद्दा पहिला घालतो, इथं माझ्याकडून तो शेवटी निघतोय.

त्या मुलीनं आल्या आल्या आत्याला उठ म्हटलं नव्हतं. ती आधी आत्यासमोर वाकली आणि हसून म्हणाली, "आजी, माझं बोलणं ऐकू येतंय का?" आत्याला ऐकू आलं नाही की ती काय करते? हसते आणि हात जोडते. तिनं हात जोडले. मी मध्येच म्हटलं, "हो म्हणतेय ती, येतं सगळं ऐकू." मुलीनं पुन्हा विचारलं, "आजी, गरज पडली तर तुम्ही दार उघडायला मदत कराल?" आत्यानं पुन्हा हात जोडले. मुलीला कळायचं ते कळलं. तिनं माझ्या कानाजवळ येऊन, भावकीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात सांगितलं, "काका, इथलं दार चौदा-पंधरा किलोचं असतं. इथं बसणाऱ्याला सूचना ऐकू आल्या पाहिजेत, नाहीतर मागचे सगळे अडकतात." माझा मान राखून बोलली ती. आरडाओरडा मी केला.

आणि जागा म्हणशील, तर आत्या चोविसाव्या रांगेत बसलीच नाही. आमचं भांडण ऐकून तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि प्रणितच्या मधल्या जागेवर जाऊन बसले. प्रणित पुढे बाराव्या रांगेत आला. चारुतानं आत्याला हात धरून तिसऱ्या रांगेत नेलं, पट्टा बांधला, खिडकीचं झाकण वर केलं. विमान उडताना आत्यानं खाली बघत मोठ्यानं धवला, आपलं लग्नातलं गाणं, म्हटला. सगळं विमान वळून बघत होतं. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत उभ्या गावाला पुरेल असा आवाज आहे तिचा, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ती तो कमी करत नाही. तिला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि बाराव्या रांगेपेक्षा चांगलं मिळालं. हे माझ्या तीन पानांत कुठंच नाही.

अजून एक आहे. मोबाइलवर ती जागा घेताना एक चौकोन आला होता. इथं बसणारी व्यक्ती धडधाकट आहे, तिला ऐकू येतं आणि ती मदतीला तयार आहे, असं मान्य असेल तर खूण करा. मी खूण केली. न वाचता केली असती तर आता तेच सांगून सुटलो असतो. मी वाचून केली. पंचवीस वर्षं सरकारी कागदातली बारीक अक्षरं वाचणारा माणूस मी, मला ती दिसली नाहीत असं कोण म्हणेल? तक्रारीत मात्र लिहिलं, 'याबाबत कोणतीही पूर्वकल्पना दिली गेली नाही.'

तुला मी त्या रांगेचा नियम विचारला. मला तो माहीतच होता. तुझ्यामुळेच माहीत होता. तू ट्रेनिंगला जायच्या आधी महिनाभर गच्चीवर उभी राहून ओरडायचीस. पट्टे सोडा, सामान टाका, इकडून या, उडी मारा. पाण्याच्या टाकीला विमानाचं दार समजून ढकलायचीस. नव्वद सेकंदांत सगळं विमान रिकामं करायचं असतं, असं तू आईला सांगत होतीस आणि मी पेपर तोंडापुढे धरून ऐकत होतो. मग समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी विचारलं की पोरीला झालंय काय, आणि मी वर येऊन तुला म्हटलं, पोरीच्या जातीनं असं बोंबलायचं? खाली येऊन सगळ्या भावकीसमोर ते दुसरंही बोललो. लोकांच्या उष्ट्या प्लेटी उचलायला आम्ही जमीन दिली का. ते वाक्य तुला तोंडपाठ असेल. मलाही पाठ आहे.

गंमत बघ, माझ्याच निवेदनातलं चौथं कलम होतं: स्थानिक मुलामुलींना विमान कंपन्यांत नोकऱ्या मिळाव्यात. ती नोकरी माझ्या घरात आली तेव्हा मी दार लावून घेतलं. तू बोलावलंस तरी तुझं ट्रेनिंग बघायला आलो नाही. आई एकटी आली, परत येऊन दोन दिवस तेच सांगत होती, आणि मी तिला म्हटलं, टीव्हीचा आवाज वाढव.

त्या चारुताला बघितल्याबरोबर मला तू दिसलीस. तसाच अंबाडा, तसंच ताठ उभं राहणं. मी इतका का चिडलो, हे मला तिथंच कळत होतं. तुझ्यावरचा राग मी परक्याच्या पोरीवर काढला, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून घरी येऊन, चहा घेत, शांतपणे तिच्याविषयी खोटं लिहिलं. विमानात बोललो ते रागात, पण तक्रार रागात नव्हती लिहिली.

आता तक्रार मागे घ्यायची ठरवलीय. आत्या तर म्हणते, आत्ताच चल. पण साधं 'मागे घेतो' म्हटलं तर त्या मुलीवरचा डाग तसाच राहील, एवढं मला कागदातलं कळतं. म्हणून मसुदा केलाय, सोबत जोडला आहे. तो तू बघावास. तुमच्याकडे असले कागद कसे वाचतात ते तुला माहीत. काही सुधारायचं असेल तर सुधार आणि पाठव. चौकशीला आठ दिवस आहेत.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आत्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

तुझे वडील,
जगन

---

करंजाडे,
ता. ९ मार्च २०२६

चि. पूर्वी,

आशीर्वाद. तू परत पाठवलेला मसुदा २४ तारखेला मिळाला. पाकीट जाड होतं म्हणून आईला वाटलं तू लांबलचक पत्र लिहिलंयस. आत माझीच दोन पानं. मी लिहिलं होतं, 'सदर बाब गैरसमजातून नमूद केली गेली.' तू 'गैरसमजातून' यावर पेन्सिलीनं काट मारलीस आणि वर लिहिलंस, 'खोटी'. पुढे 'केली गेली' हेही खोडलंस आणि लिहिलंस, 'मी केली'. बाकी कुठं हात लावला नाहीस.

इतक्या वर्षांत माझ्या मसुद्याला कोणी हात लावला नव्हता. अर्धा तास मी ते वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं वाचून बघितलं. आई म्हणाली, "बरोबरच आहे की." बरोबरच होतं.

बाकीच्या सतरा जणांना समाजमंदिरात बोलावलं आणि या वेळी सह्यांच्या आधी सगळं वाचलं. मोठ्यानं, कारण पहिल्या रांगेत आत्या. वाचून झाल्यावर दिनानाथ उठला. म्हणाला, "आमी तुझ्या शब्दावर सही केली. आता आमीच खोटे ठरणार, त्यापेक्षा गप ऱ्हा. त्या पोरीला दुसरी नोकरी मिळंल." दोघंतिघं त्याच्याकडे वळू लागले. तेव्हा आत्या बसल्या जागेवरून बोलली, तुला तिचा आवाज माहीत आहे. "सगळ्या गावच्या लग्नात मी ओरडून गायले. तवा कोणाची मान खाली नाय गेली. मग आमची पूर्वी गच्चीवर ओरडली तवा का गेली? आन ही पोर विमानात बोलली तवा का गेली? तिनं मना दाराशेजून उठवली, तुमचा जीव वाचावा म्हणून. मी दाराशी बसून काय केलं असतं? हात जोडले असते."

तेरा जणांनी सही केली, आत्यानं अंगठा दिला. दिनानाथ आणि आणखी दोघांनी नाही केली. दिनानाथ माझ्याशी बोलत नाही. शिमग्याला होळीभोवती सगळे उभे होतो तेव्हा तो पलीकडच्या बाजूला होता. भावकीत थोडा का होईना, माझ्या शब्दाला मान होता. तो आता आधीसारखा राहिला नाही, आणि हे मला रोज जाणवतं. तुझ्यापासून लपवत नाही.

२७ तारखेला मी, आत्या आणि तुझी आई कंपनीच्या ऑफिसात गेलो. टेबलापलीकडे दोन साहेब आणि एक बाई. बाजूला चारुता बसली होती, साध्या ड्रेसमध्ये, आणि तिचे वडील. वडील माझ्याच वयाचे. पोरीची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं कायम आहे का? मी उभा राहिलो आणि वाचलं. 'दंड धरून ओढल्याची बाब खोटी असून ती मी नमूद केली.' तू दुरुस्त केलेल्या शब्दाशी थांबलो. पाणी पिऊन ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं. त्या चौकोनावर केलेली खूण, आत्याच्या वतीनं दिलेलं उत्तर, तिसरी रांग, सगळं वाचलं.

साहेबांनी आत्याला विचारलं, आजी, तुम्हाला काही सांगायचंय? आत्या हसली आणि हात जोडायला लागली. तेवढ्यात चारुता खुर्चीवरून उठली, आत्यासमोर येऊन खाली बसली आणि त्या तुमच्या आवाजात, गच्चीवरच्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलली, "आजी! साहेब विचारतात! मी तुम्हाला ओढलं का?" मशीन डब्यातच होतं. आत्याला पहिल्या हाकेला ऐकू आलं. ती म्हणाली, "नाय गो बाय. तू मना सांभाळून नेलीस." आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन चोळायला लागली. या वेळीही ते गार होते म्हणे.

चारुताच्या वडिलांची मी बाहेर माफी मागितली. ते म्हणाले, "ठीक आहे," पण त्यांनी हात पुढे केला नाही. मी असतो तर मीही केला नसता.

कालच कळलं, चारुता पाच तारखेपासून पुन्हा उड्डाणावर रुजू झाली. आणि माझंही पत्र आलं. उड्डाणाला अडथळा आणल्याबद्दल आणि कर्मचाऱ्याशी गैरवर्तन केल्याबद्दल तीन महिने मला त्यांच्या विमानात बसता येणार नाही. आधीचा मी असतो तर या पत्रावरही तीन पानं लिहिली असती. जमीन आमची आणि बंदी आम्हालाच, असा मथळाही सुचला, खोटं कशाला बोलू. पण पत्र वाचलं, घडी केली, आणि तुझ्या पेन्सिलीच्या कागदाबरोबर ठेवून दिलं.

तर आता मी हैदराबादला येईन तो रेल्वेनं. विमानात बसता येत नाही म्हणून थांबणार नाही. तू ये म्हटलंस तरच येईन. नाही म्हटलंस तर तेही या घरात मोठ्यानं वाचून दाखवलं जाईल. मला तुझं ते ओरडणं एकदा समोर उभं राहून ऐकायचंय. जिथं तुम्ही सराव करता तिथं बाहेरच्या माणसाला सोडत नसतील, तर तुझ्या खोलीच्या गच्चीवर चालेल. पट्टे सोडा म्हण, सोडीन. सामान टाक म्हण, टाकीन. आत्यालाही यायचंय. गाडीत तिला खालचा बर्थ मिळेल असं बघतो, आणि या वेळी फॉर्मवर तिच्याविषयी जे खरं तेच भरीन.

या पत्राच्या प्रती कोणालाही पाठवलेल्या नाहीत. खाली सही माझी एकट्याची आहे. शेजारी आत्याचा अंगठा आहे, सगळं पत्र तिच्या कानाशी ओरडून वाचून दाखवल्यावरच घेतलाय. जिन्यात वल्लरी वहिनींनीही ऐकलं.

तुझा,
बाबा